चिली आणि पेरूच्या किनारी वाळवंटातून दोघांचा मोटारसायकल प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आणि माझे पती, आम्ही दोघांनी चिलीतील वाल्पाराइसो बंदरापासून पेरूच्या उत्तरेकडील पिउरा शहरापर्यंतचा प्रवास एकाच मोटारसायकलवर केला. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो आणि नोव्हेंबरच्या मध्यास लिमाला लागून असलेल्या काल्लाओ बंदरात गाडी परतीच्या जहाजावर चढवली. परतल्यापासून नातेवाईक, मित्र आणि अनोळखी मोटारसायकलस्वार आम्हाला जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहीत आहे. वाळवंट म्हणजे ओसाड, रिकामी जागा अशी समजूत करून घेऊन कोणी तिकडे जाऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा या लेखनामागे आहे.

नेमका मार्ग कोणता होता आणि अंतर किती भरले?

वाल्पाराइसोहून ला सेरेना, कोपियापो, चान्यारल, आंतोफागास्ता, तोकोपिया, इकिके आणि आरिका हा चिलीतील भाग झाला. आरिकाच्या उत्तरेला सीमा ओलांडून ताक्ना, पुढे किनाऱ्याने इलो आणि मोयेंदो, मग कामाना, चाला, नास्का, इका, पाराकास, लिमा, त्रुहियो, चिक्लायो आणि सेचुरा वाळवंट पार करून पिउरा, असा पेरूतील मार्ग होता. सरळ मोजल्यास हे अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर होते. आडवाटेने केलेले फेरे आणि पिउराहून लिमापर्यंतची परत वाट धरली, तर आमच्या मीटरवर ६,००० किलोमीटरच्या आसपास भर पडली.

चिलीत हा रस्ता ‘रूटा ५’ म्हणून ओळखला जातो आणि पेरूत ‘पानामेरिकाना’ म्हणून. आंतोफागास्ता ते इकिके या टप्प्यात मात्र आम्ही आतला महामार्ग सोडून समुद्राला चिकटून जाणारा ‘रूटा १’ घेतला. एका हाताला लाटा आणि दुसऱ्या हाताला शेकडो मीटर उंच उभा कडा असलेला हा सुमारे ४२० किलोमीटरचा पट्टा मला सगळ्या प्रवासात सर्वांत सुंदर वाटला.

पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर असूनही तेथे पाऊस का पडत नाही?

हा प्रश्न कोकण पाहिलेल्या प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. नकाशावर दोन्हीकडची मांडणी सारखीच दिसते. पण कोकणात वर्षाला २,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि आरिकाची वार्षिक सरासरी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार आरिकात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या चौदा वर्षांहून अधिक काळात पाऊस पडलाच नाही.

याचे कारण समुद्रात आहे. आपल्याकडे मोसमी वारे उबदार अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन थेट सह्याद्रीवर आदळतात, हवा वर चढते, थंड होते आणि बरसते. तिकडे मात्र दक्षिणेकडून येणारा हंबोल्ट प्रवाह किनाऱ्याला घासून उत्तरेकडे वाहतो आणि त्यात खोल समुद्रातून वर येणाऱ्या गार पाण्याची भर पडते. या थंड पाण्यावरची हवा गारठून जड होते, तर तिच्या वरच्या थरात पॅसिफिकवरील उच्च दाबामुळे खाली उतरणारी कोरडी आणि तुलनेने गरम हवा झाकणासारखी बसलेली असते. खालची गार हवा हे झाकण फोडून वर चढू शकत नाही. शिवाय वारेही बहुतेक काळ किनाऱ्याला समांतर वाहतात. अँडीजच्या पलीकडे ॲमेझॉनच्या खोऱ्यात भरपूर पाऊस पडतो, पण ते बाष्प एवढा उंच पर्वत ओलांडून पश्चिमेला उतरत नाही.

बाष्प मात्र असते, आणि ते धुक्याच्या रूपाने येते. चिलीत या धुक्याला ‘कामांचाका’ म्हणतात, आणि पेरूत हिवाळ्यातल्या दाट धुक्यासह येणाऱ्या बारीक भुरभुरीला ‘गारूआ’ म्हणतात. हिवाळ्यात महिनोन्महिने लिमावर पसरणाऱ्या राखाडी आभाळाला तेथील लोक ‘गाढवाचे पोट’ म्हणतात. किनारी टेकड्यांचा जो उतार या धुक्याच्या वाटेत येतो, तेथे केवळ धुक्यावर जगणारी हिरवळ फुटते, तिला ‘लोमास’ म्हणतात. ला सेरेनाच्या उत्तरेला चुंगुंगो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १९९०च्या दशकात तेथील डोंगरावर उभारलेल्या सुमारे शंभर जाळ्यांनी धुक्याचे पाणी धरून ते नळाने गावात आणले जाई. पाण्याची किंमत ज्यांना ठाऊक आहे अशा मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या वाचकाला ही जाळी म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येणारा ‘एल निन्यो’ हा शब्दही याच किनाऱ्यावरचा आहे. उत्तर पेरूच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या गरम पाण्याला बाळ येशूवरून हे नाव दिले. हे पाणी गरम झाले की हवेचे झाकण ढिले होते आणि वाळवंटात पूर येतात. १९८३, १९९८ आणि २०१७ या वर्षांत पिउराच्या परिसराने ते भोगले, आणि १९९८ मध्ये सेचुरा वाळवंटात मैलोन्मैल पसरलेले तळे तयार झाले. २०२३ मध्ये पुन्हा एल निन्यो आला, तेव्हा भारतातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. एकाच समुद्राच्या तापमानातील बदल दोन टोकांच्या शेतकऱ्यांना असा उलटसुलट गाठतो.

दक्षिणेकडून उत्तरेकडेच का गेलात?

या किनाऱ्यावर वारा बहुतांश दक्षिणेकडून वाहतो. उत्तरेकडे तोंड करून निघालात, तर तो पाठीशी राहतो. सामानासह दोन माणसे घेऊन जाणाऱ्या मध्यम ताकदीच्या मोटारसायकलला याचा इंधनात, वेगात आणि मानेच्या दुखण्यात स्पष्ट फायदा होतो. इकिकेला आम्हाला दक्षिणेकडे निघालेले एक जोडपे भेटले. त्यांना समोरच्या वाऱ्याशी दिवसभर झगडावे लागत होते आणि त्यांची गाडी आमच्यापेक्षा बरीच जास्त पेट्रोल पीत होती. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: दक्षिण गोलार्धात माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे पंधरा दिवस तो आमच्या समोर होता. लिमाच्या जवळ पोहोचेपर्यंत तो डोक्यावर आला आणि त्रास संपला. गडद काच असलेले हेल्मेट किंवा आतली उतरती काच हा यावरचा साधा उपाय आहे.

कोणता हंगाम चांगला?

आमच्या मते एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर या काळात पेरूच्या किनाऱ्यावर धुके आणि गारठा असतो. जानेवारी ते मार्च हे महिने किनाऱ्यावर उबदार असले, तरी त्याच काळात डोंगरात पाऊस पडतो आणि कोरड्या नद्यांतून चिखल-दगडांचे लोंढे उतरतात. त्यांना पेरूत ‘वायको’ म्हणतात, आणि ते महामार्ग तासाभरात गाडून टाकू शकतात. मार्च २०१५ मध्ये चिलीत चान्यारल आणि कोपियापोच्या परिसरातही असेच पूर येऊन मोठी हानी झाली. एल निन्योचा इशारा असेल त्या वर्षी उत्तर पेरूचा बेत पुढे ढकलावा.

हिवाळ्यात बऱ्यापैकी पाऊस झालेला असेल, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात वायेनार आणि कोपियापो यांच्या दरम्यान वाळवंटात फुलांचे गालिचे पसरतात. आम्ही गेलो त्या वर्षी ती तुरळक होती, तरीही जांभळ्या फुलांचे दोन पट्टे पाहण्यासाठी आम्ही अर्धा दिवस थांबलो.

मोटारसायकल भारतातून नेलीत की तेथेच घेतलीत?

भारतातून नेली. आमच्याकडे ४११ सीसीची, १५ लिटरच्या टाकीची रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे, आणि तिचा प्रत्येक आवाज आम्हाला ओळखीचा आहे, हेच तिला नेण्याचे खरे कारण. ती लाकडी खोक्यात बांधून न्हावाशेवा बंदरातून जहाजाने गेली. चिली आणि पेरू या देशांत शिरताना कार्नेट, म्हणजे गाडी शुल्क न भरता तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज, लागत नाही. तेथील सीमाशुल्क खाते गाडीला ठरावीक मुदतीचा, साधारणपणे ९० दिवसांचा, तात्पुरत्या आयातीचा परवाना देते. मात्र भारतातून गाडी बाहेर नेऊन शुल्क न भरता परत आणायची असेल, तर कार्नेट आवश्यक ठरते, आणि ते मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. त्यासाठी बँक हमी द्यावी लागते, म्हणून हे काम किमान तीन महिने आधी हाती घ्यावे.

ज्यांच्याकडे तीन-चार आठवडेच आहेत, त्यांनी गाडी भाड्याने घ्यावी. जहाजाचे भाडे हा आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा होता. भाड्याच्या गाडीने सीमा ओलांडायची असल्यास मालकाचे नोटरीकडून प्रमाणित केलेले परवानगीपत्र लागते, ते आधीच मागून घ्यावे.

कागदपत्रे कोणती लागली?

पासपोर्ट, दोन्ही देशांच्या प्रवेशाची कागदपत्रे, गाडीचे नोंदणीपत्र, भारतीय वाहन परवाना आणि आरटीओकडून मिळणारा एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आम्ही दोघांनीही तो काढला होता. व्हिसाचे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या दूतावासाकडूनच माहिती घ्यावी. पेरूत अपघात विम्याला ‘सोआत’ म्हणतात, आणि चिलीत परदेशी गाड्यांसाठी वेगळा सक्तीचा विमा असतो. हे दोन्ही न चुकता घ्यावेत. तात्पुरत्या आयातीचा कागद देश सोडताना जमा करावा लागतो, त्यामुळे तो पासपोर्टसारखाच जपावा.

चिलीत उतरताना आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी मनावर घ्यावी. तेथील कृषी खाते फळे, बिया, मध, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ यांबाबत अत्यंत कडक आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेली लोणच्याची बरणी, मेथ्या, डाळी आणि भाजणीची पिशवी यांची नोंद प्रवेशाच्या प्रतिज्ञापत्रावर करावीच लागते. आम्ही सगळे लिहून दिले. अधिकारी बाईंनी काही वस्तू काढून घेतल्या, काही परत दिल्या, आणि दंड मात्र झाला नाही. लपवल्यास दंड होतो.

एकच मोटारसायकल का घेतलीत? मागे बसणाऱ्याला कंटाळा येत नाही का?

दोन गाड्या घेतल्या असत्या, तर दिवसभर आम्ही एकमेकांच्या आरशातले ठिपके होऊन राहिलो असतो, असे मला वाटते. आम्ही दोघेही गाडी चालवतो. रोज सकाळी एकजण, दुपारच्या जेवणानंतर दुसरा, अशी पाळी होती. मागची जागा ही विश्रांतीची नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. मागे बसणाऱ्याने मागून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवायचे, पुढच्या पंपापर्यंतचे अंतर मोजायचे, दर पाऊण तासाने पाणी द्यायचे आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याच्या थकव्याकडे पाहायचे. या वाळवंटात रस्ता सरळ असतो आणि दृश्य तासन्‌तास बदलत नाही. अशा वेळी डोळे उघडे असूनही मन झोपते. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर आम्ही बोलत असू. बोलण्यातली उत्तरे तुटक येऊ लागली की मागच्याने गाडी थांबवायला सांगायची.

घरून निघण्यापूर्वी आम्ही एक नियम ठरवला होता: दोघांपैकी कोणीही ‘थांबू या’ म्हटले, तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. एकदाच तो मोडला, आणि त्याची हकिगत पुढे वाळूच्या प्रश्नात आली आहे. तीस वर्षांच्या संसारात जे बोलणे राहून गेले होते, त्यातले बरेच मात्र या रस्त्यावर झाले.

पेट्रोलची सोय कशी आहे?

पेरूत काळजीचे कारण नाही. तेथे पंपाला ‘ग्रीफो’ म्हणतात आणि मोठ्या गावांच्या मधेही ते भेटतात. भाव गॅलनवर असतो, हे लक्षात ठेवावे. चिलीत पेट्रोलला ‘बेन्सिना’ म्हणतात, भाव लिटरवर असतो आणि अंतरे मोठी असतात. चान्यारलपासून आंतोफागास्तापर्यंतच्या सुमारे ४०० किलोमीटरमध्ये पंप अगदी मोजके आहेत. तालताल हे किनाऱ्यावरचे गाव महामार्गापासून सुमारे २५ किलोमीटर आत आहे, पण तेथे टाकी भरण्यासाठी गेलेला वेळ वाया जात नाही. इकिकेहून आरिकाकडे जाताना पोसो आल्मोन्ते येथे टाकी काठोकाठ भरावी, कारण पुढे आरिकापर्यंत २६० किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि त्यात चिसा, कामारोनेस, चाका अशा खोल दऱ्यांची उतरण-चढण आहे. आम्ही पाच लिटरचा एक कॅन जवळ ठेवला होता. तो दोनदा उपयोगी पडला, त्यातला एकदा दुसऱ्याच्या गाडीसाठी.

चिलीत टोलनाक्यांवर मोटारसायकललाही पैसे द्यावे लागतात. पेरूच्या पानामेरिकानावर आमच्याकडून टोल घेतला गेला नाही.

वाळू, वारा आणि धुके यांचा त्रास कितपत झाला?

तिघांपैकी धुके सर्वांत फसवे आहे. पहाटे किनाऱ्यालगत ते एवढे दाट असते की हेल्मेटची काच बाहेरून भिजते आणि आतून धूसर होते. त्यात समुद्राचे मीठ मिसळलेले असल्याने बोटाने पुसले की काच आणखी माखते. आम्ही साडेनऊच्या आधी निघत नसू. तोपर्यंत धुके बहुधा वर उचललेले असे.

वारा दुपारी चढतो. पाराकास या नावाचा संबंधच वाळूच्या पावसाशी जोडला जातो, आणि तेथे दुपारनंतर उठणारी वाळू रंग खरवडून काढते. सकाळी लवकर पोहोचून गाडी आडोशाला लावावी.

वाळूचा खरा अनुभव आम्हाला चाला आणि याउका यांच्या मधल्या तानाका परिसरात आला. तेथे रस्ता समुद्र आणि टेकड्या यांच्या कुशीतून वळणे घेत जातो आणि वाऱ्याने वाहून आलेली वाळू डांबरावर जिभेसारखी पसरते. ‘सोना दे आरेनामिएंतो’ अशी पाटी दिसली की ती ‘पुढे वाळू’ अशी वाचावी. त्या दुपारी मी मागे होते. मी थांबू या म्हटले होते, आणि पतींनी ‘दहाच किलोमीटर राहिलेत’ असे उत्तर दिले. तिसऱ्या वळणावर पुढचे चाक वाळूत शिरले, गाडी सावकाश डावीकडे कलली आणि आम्ही दोघे खाली आलो. वेग कमी असल्याने माझे मनगट मुरगळले, एवढ्यावर निभावले. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने आपला ट्रक रस्त्यावर आडवा लावून आम्हाला आडोसा दिला, गाडी उभी केली, आणि गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत तो आमच्या मागे मागे आला. पैसे घ्यायला त्याने नकार दिला.

अशा पट्ट्यावर वेग आधीच उतरवावा, वाळूवर पुढचा ब्रेक लावू नये, हँडल घट्ट धरू नये आणि शक्य असल्यास मागच्या व्यक्तीने उतरून चालत यावे.

रस्ता सोडून मोकळ्या वाळवंटात गाडी घालता येते का?

कृपा करून घालू नका. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो, विशेषतः तरुण मुलांकडून, आणि त्यामागची ओढ मला समजते. चहूकडे कुंपण नसलेली सपाट जमीन दिसली की हँडल वळवावेसे वाटते. पण तेथे पाऊस नाही, गवत नाही, गाळ वाहून आणणारे ओढे नाहीत. आपल्याकडे शेतात उमटलेला चाकाचा माग पहिल्या मृगात पुसला जातो. तेथे तो तुमच्या नातवंडांनाही दिसेल. पांपामध्ये, म्हणजे चिलीतल्या सपाट वाळवंटी पठारावर, सोरा वाहणाऱ्या खेचरगाड्यांच्या चाकोऱ्या शंभर वर्षांनंतरही जशाच्या तशा आहेत, आणि त्या आम्ही स्वतः पाहिल्या.

नास्काच्या रेषा टिकल्या त्याही याच गुणामुळे. तेथील पठारावर लोहाच्या गंजाने काळपट झालेल्या दगडगोट्यांचा पातळ थर आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी ते गोटे बाजूला सारले आणि खालची फिकट माती उघडी केली, एवढीच ती कला आहे. जर्मनीहून आलेल्या मारिया राइखे यांनी या रेषा मोजण्यात आणि राखण्यात सारे आयुष्य घातले आणि त्या हातात झाडू घेऊन रेषा स्वच्छ करीत. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या चार वर्षे आधी युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले होते. पानामेरिकाना महामार्ग स्वतःच येथील सरड्याच्या आकृतीला मधोमध कापून गेला आहे. शेजारच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभे राहिले की ते दिसते आणि पोटात कालवते. जानेवारी २०१८ मध्ये एका ट्रकचालकाने रस्ता सोडून गाडी आत घातली आणि तीन रेषांना इजा केली. चिलीत इकिकेच्या दक्षिणेला आल्तो बारांको येथील प्राचीन भूचित्रांवर मोटारसायकली आणि चारचाकी गाड्यांच्या चाकांचे जाळे उमटले आहे. तेथल्या आकृती आता त्या मागांमधून शोधाव्या लागतात. हे ज्यांनी केले, त्यांतील बहुतेकांना आपण कशावरून जात आहोत हे कळलेही नसेल, कारण ही चित्रे जमिनीवरून नीट दिसतच नाहीत.

कच्चे रस्ते हवे असतील, तर आखलेले भरपूर आहेत. चान्यारलच्या उत्तरेला पान दे आसुकार राष्ट्रीय उद्यानातून जाणारा रस्ता घ्यावा. निवडुंग, धुके आणि समुद्र तिन्ही एकाच वेळी पाहायला मिळतात.

वाटेत कोठे थांबणे चुकवू नये?

आरिका, आणि तेथे किमान दोन दिवस. चिंचोरो लोकांनी आपल्या मृतांना जपण्यासाठी बनवलेल्या ममी तेथे आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे इजिप्तच्या ममींहून दोन हजार वर्षे जुन्या आहेत. राजांच्या नव्हे, तर साध्या कोळी-शिकारी कुटुंबांतील माणसांच्या, आणि त्यांत तान्ह्या मुलांच्याही आहेत. २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. सान मिगेल दे आसापा येथील संग्रहालयात एका लहान मुलाच्या मातीने लिंपलेल्या चेहऱ्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. त्या आईवडिलांनी जे केले, त्याला दुःखाशिवाय दुसरे नाव देता येत नाही.

इकिकेच्या पूर्वेला हंबरस्टोन आणि सांता लाउरा ही सोऱ्याच्या कारखान्यांची ओस गावे आहेत. युरोपातील शेतांना खत आणि तोफांना दारू पुरवणारा सोरा येथून जाई. याच भूमीसाठी १८७९ मध्ये चिलीचे पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटले, आणि कारखान्यात कृत्रिम नायट्रेट तयार होऊ लागल्यावर हा धंदा बुडाला. हंबरस्टोन १९६० मध्ये बंद पडले. कामगारांना पगार नाण्यांत न देता मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांत दिला जाई. शाळेतली बाके आणि नाट्यगृहातल्या खुर्च्या अजून जागेवर आहेत.

आंतोफागास्ताच्या दक्षिणेला रूटा ५ लगत मारियो इरारासाबाल यांनी १९९२ मध्ये उभारलेला ११ मीटर उंचीचा हात वाळूतून वर आलेला दिसतो. छायाचित्रासाठी सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. लिमाच्या उत्तरेला काराल हे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे नगर आणि त्रुहियोजवळचे चान चान हे मातीच्या विटांचे विस्तीर्ण शहर, ही दोन्ही ठिकाणे सकाळी उघडताच गाठावीत.

शाकाहारी माणसाचे तेथे भागते का?

माझे भागले, थोडी चिकाटी लागली. ‘मांस नको’ म्हटले की कोंबडी किंवा मासा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन नको म्हणावे. पेरूत चिनी वंशाच्या लोकांनी रुजवलेली ‘चिफा’ खानावळ जवळजवळ प्रत्येक गावात असते आणि तेथे अंडी-भाज्यांचा परतलेला भात करून देतात. सोमवारी मसूर शिजवण्याची पेरूत रीत आहे, त्यामुळे आमचे सोमवार वरणभाताचे झाले. चिलीत पाव, ॲव्होकॅडो, कणसाच्या पानात उकडलेली ‘उमिता’ आणि राजम्यासारख्या कडधान्याची उसळ मिळते. पाणी बाटलीबंदच प्यावे. कामारोनेससारख्या वाळवंटी नद्यांच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याच आर्सेनिक असते, ते उकळून जात नाही.

सुरक्षिततेचे काय?

रात्री गाडी चालवायची नाही, हा आमचा आणखी एक कडक नियम होता. बिनदिव्यांची वाहने, कुत्री, आणि चढावर रांगणारे खाणीचे ट्रक ही त्याची कारणे आहेत. रस्त्याकडेला ठिकठिकाणी अपघातात गेलेल्यांची छोटी देवळीवजा स्मारके दिसतात, त्यांना ‘आनिमिता’ म्हणतात, आणि त्यांची संख्या पाहून वेग आपोआप उतरतो. शहरांत गाडी नेहमी बंद आवारात लावावी. पेरूत त्याला ‘कोचेरा’ म्हणतात.

लिमाच्या उत्तरेला पासामायो येथे दोन रस्ते आहेत. समुद्राच्या कड्यावरून जाणारा ‘सेर्पेंतीन’ जड वाहनांसाठी आहे, लहान गाड्यांनी वरचा पर्यायी रस्ता घ्यावा. जोडप्यांसाठी आणखी एक सूचना: ऑक्टोबर २०२५ मध्ये गुन्हेगारीमुळे जाहीर झालेल्या आणीबाणीत लिमा आणि काल्लाओत एका मोटारसायकलवर दोघांनी बसण्यास मनाई करण्यात आली होती. त्यामुळे या शहरांत शिरण्याआधी चालू नियम विचारून घ्यावा. तशी वेळ आल्यास एकाने बसने शहरात जावे.

हा किनारा भूकंपाचाही आहे. जून २००१ मध्ये कामानाला आणि एप्रिल २०१४ मध्ये इकिकेला मोठे धक्के बसले. त्सुनामीतून बाहेर पडण्याच्या वाटेच्या पाट्या प्रत्येक किनारी गावात आहेत. मुक्कामाला पोहोचल्यावर सामान उतरवण्यापूर्वी ती वाट आम्ही पायी चालून पाहत असू.

गाडीची देखभाल आणि दुरुस्ती?

खारट धुके आणि वाळू ही चेनची शत्रू आहे. ओलसर वंगणावर वाळू चिकटते, म्हणून आम्ही मेणासारखे कोरडे वंगण वापरले. एअर फिल्टर दर हजार किलोमीटरला उघडून झटकला. पंक्चरसाठी पेरूत ‘यांतेरिया’ आणि चिलीत ‘वुल्कानिसासियोन’ अशी पाटी शोधावी.

पेरूच्या गावांत रस्ते व्यापून टाकणाऱ्या तीनचाकी ‘मोटोटॅक्सी’ पाहिल्या आणि त्यांवर बजाज हे नाव वाचले, तेव्हा पुण्याची माणसे म्हणून आम्हाला फार आनंद झाला. त्याचा व्यावहारिक फायदाही झाला. या गाड्यांमुळे तेथील छोट्या गॅरेजवाल्यांना भारतीय यंत्रांची सवय आहे. चिक्लायोत आमची क्लच केबल तुटली, तेव्हा एका मिस्त्रीने दुसऱ्या गाडीची केबल कापून, डाग देऊन तासाभरात बसवून दिली. ती अजून गाडीत आहे.

गाडी परत कशी आणली?

काल्लाओत खोके पुन्हा बांधले. टाकी जवळजवळ रिकामी करावी लागते, बॅटरीची जोडणी काढावी लागते आणि गाडी धुऊन स्वच्छ द्यावी लागते. पेरूच्या तात्पुरत्या आयातीचा कागद बंद झाल्याची पावती आम्ही मागून घेतली. न्हावाशेवाला गाडी सोडवताना कार्नेटवर पुनःआयातीचा शिक्का मारून घेतला आणि बँक हमी मोकळी करण्यासाठी ते मुंबईत जमा केले.